त्रेसष्ट नंबरची बत्ती

माहं नाव गयाबाई. गाव आमचं किरनापुरच्या पल्ल्याड, रस्त्यापासून आतमंदी, आता तिथं आमचं काईच नाई, एक कवेलूचं घर होतं तेबी पडलं. माहा बाप गावचा कोतवाल होता, कोतवाल म्हंजे तुमी समजता तसा नाई भाऊ, पाटलाचा निरोप घरोघरी न्याचा, गावात हाक द्याची, अन् कोनाचं ढोर मेलं का ते ओढून गावाबाहेर न्याचं. ज्या साली नागपूरले दीक्षा झाली त्या साली मी बारा-तेरा वर्साची असन. बाप गेलता. वापस आला अन् मायले म्हने, आता ढोर ओढाचं नाई, मंग काईबी होवो. पंधरा दिवस झाले असन, पाटलाचा बैल मेला. बोलावनं आलं. बाप ओट्यावर बसला तो उठलाच नाई. बैल तीन दिवस गोठ्यात पडून राह्यला, गावभर वास, अन् मंग आमाले कोनी धान कापाले बोलावलं नाई, चक्कीवाला पीठ दळून देईना, मायनं जात्यावर दळलं तं जातं कोनीतरी फोडून टाकलं. बापानं डोक्यावर गठुडं घेतलं अन् आमी खदानीवर आलो.

खदानीचं नाव नोको लिहू. मँगनीजची होती, एका सेठची, बालाघाटपासून लय दूर नाई, आता बंद हाय, सेठबी मेला. तिथं माय-बाप दोघंबी लागले, माय वरती गोटे फोडाले, बाप ढकलगाडीवर. मले बापानं शाळेत घातलं, चौथी शिकली मी, मराठी अन् हिंदी दोन्ही वाचता येते. त्या चौथीनंच माहं सारं केलं, बरं बी अन् वाईट बी. शिकली नसती तं गोटे फोडत राह्यली असती, अन् आज तुमाले काय सांगाले बसली असती.

लगन सतरा वर्साची असताना झालं. शीलाचे बाबा, म्हंजे माहे मालक, खाली खदानीत काम करत. बायाइले खाली जाले मनाई, म्हनून मी वरच. मानूस गरीब, हात नाई उचलला कधी माह्यावर, जेवताना बोलत नव्हता एवढंच. शीला दोन वर्साची झाली तवा ते गेले. कसं गेले ते सांगतो म्हंजे पुढचं समजन तुमाले. खाली सुरुंग उडवला का वरचा दगड ढिला होते. मंग लोखंडी पहार घेऊन तो ठोकून पाहाचा, ढिला असन तं पाडाचा, तवा मानसं आत सोडाचे. आमचा मुकरदम रामाधार. त्याले घाई, का खदानीच्या मॅनेजर साहेबानं सांगतलं मालाचे एवढे डबे आज निंघालेच पायजे. शीलाचे बाबा म्हनले, अजून ठोकून नाई पाह्यलं. रामाधार म्हने, डर लगता है तो चूड़ी पहन ले. ते गेले आत. हे मले त्यांच्या संगच्या मानसानं सांगतलं, तो तिथंच होता. दगड मोठा नव्हता म्हनते, पन मानेवर पडला.

साहेबानं दया केली म्हनून सारे म्हनत. मले बत्तीघरात लावलं. बत्तीघर म्हंजे काय, ते खाली जानाऱ्याच्या टोपीले बत्ती असते ना, अन् कंबरेले तिचा डबा, मधात रबराचा वायर, तो डबा म्हंजे बॅटरी. रोज पाळी सुटली का बत्त्या वापस येत, आमी पुसाच्या, झाकन खोलून पानी पाहाचं, कमी असन तं भराचं, अन् लाकडाच्या फळ्यांवर लावून बिजलीनं पुन्हा भराच्या. सकाळी सातले पुन्हा द्याच्या. शंभर बत्त्या होत्या. हरेक मानसाचा पितळीचा बिल्ला, त्यावर नंबर, बत्तीवर बी तोच नंबर. मानूस बिल्ला देते अन् बत्ती नेते, वरती आला का बत्ती देते अन् बिल्ला नेते. ज्याचा बिल्ला खिळ्यावर लटकून राह्यला तो अजून खाली हाय. असं साधं काम.

त्याच्यावर एक बाबू होता, बत्तीबाबूच म्हनत सारे. मानूस सफेद कपड्याचा, डब्याले हात लावत नव्हता, तेजाबानं, म्हंजे आतल्या ॲसिडानं, हात सडते म्हने. सडतेच ना. हे पाहा बोटं. पह्यल्या सालात माह्या तीन लुगड्यांले छेद पडले, चाळनी सारखे, गुडघ्यावर तेजाब उडाला त्याचे डाग अजून हाय. प्याच्या पान्याचा माठ बाबूच्या खुर्चीमागं, त्याले मी हात नाई लावाचा. दिवसभर साऱ्या मानसांच्या डोक्यावरची बत्ती मीच पुसाची, ते चाले, माठ नाई चाले. चपराशी वरतून ओंजळीत वतून दे, त्याचं मन असन तवा.

पन काम मले आवडे भाऊ, खोटं काहून बोलू. बत्ती मले समजाले लागली. एक काचेची पिचकारी होती, तिच्यात तेजाब ओढला का आतली नळी तरंगे, वरती आली म्हंजे डबा भरला, बुडाली म्हंजे रिकामा. पन पिचकारी खोटं बी बोलते. डबा भरल्यासारखा दिसते अन् तीन घंट्यात मरते. मी काय करो, डब्याले कान लावो. चांगला डबा भरत आला का त्याच्यात भात शिजल्यासारखा बारीक आवाज येते, दोन्ही खान्यांत सारखा. म्हातारा डबा एका खान्यात चूप राह्यते, अन् हात लावला तं गरम. आतल्या पट्ट्यांवर सफेद भुकटी चढते, ती झडते अन् खाली गाळ साचते, मंग त्याचा जीव संपत आला समजा. नवा डबा दहा घंटे निभवे. दोन-अडीच साल रोज भरला अन् रोज रिकामा केला का तो आठवर येते, मंग सहावर, मंग चारवर, अन् हे हळूहळू नाई होत, एकदम उतारावरून सुटल्यासारखं होते.

हे मले कसं समजलं, तं मी पाहाले लागली. दर ऐतवारी खदान बंद. मी वीस-वीस बत्त्या टेबलावर मांडो अन् लावून देवो, सकाळपासून. चौकीदार दर घंट्याले टोले वाजवे त्यावर हिशेब. पाटीवर नंबर लिहो, अन् कोनती केवढ्या वक्तानं पिवळी झाली, कोनती लाल झाली, कोनती गेली. बत्ती आधी सफेद राह्यते, मंग पिवळी, मंग बिडीच्या टोकासारखी लाल, मंग तारेत जरासं काई दिसते अन् खतम. पाच ऐतवारात सारी शंभर पाह्यली. शंभरातल्या एकतीस बत्त्या सहा घंटे बी जात नव्हत्या. पाळी आठ घंट्याची.

मी बाबूले पाटी दाखवली. बाबूनं पाह्यली, चश्मा काढला, म्हने तुले कोनं सांगतलं हे कराले. म्हनलं कोनी नाई. तो साहेबाकडे गेला खरा. वापस आला अन् म्हने, नई बत्ती नहीं आएगी, साहब बोले जब तक जलती है तब तक चलाओ. म्हनलं बाबूजी, पाच घंट्यानं मानूस अंधारात पडन. बाबू म्हने, तो ये एकतीस बैहर वालों को दे दो, जंगल के लोग हैं, अँधेरे में देखते हैं, शिकायत भी नहीं करते. अन् पाटी वल्ल्या कपड्यानं पुसली. माह्यासमोर. मंग म्हने, लड़की है ना तेरी, कितने साल की हुई.

मी दिल्या. काय सांगू तुमाले. बैहरकडचे पंचवीस-तीस गोंड लोक होते, पाळी संपली का आपल्या झोपड्यांत जाचे, पंधरा दिवसांनं गावी. त्यांले मराठी येत नव्हती, हिंदीबी अर्धीच. त्यांचे जुने नंबर मी बदलले, नवे बिल्ले ठोकून दिले, अन् त्यांनं इचारलं नाई का काहून. ते खाली एकमेकांच्या बत्तीनं चालत, एकाची गेली का दुसऱ्याचा सदरा धरून. असं साल दीड साल चाललं. कोनी मेलं नाई म्हनून मी बी मनाले समजावलं का चालते असंच.

त्यांच्यात एक सुकलू होता. तिशीतला असन. त्याची बत्ती मातर मी चांगली ठेवलती, अठ्ठावीस नंबरची, का तर तो गावाहून येताना माह्या शीलासाठी पानाच्या दोन्यात चारं आने, ते जंगलचे काळे बारीक फळं. खिडकीतून आत सरकवे, बोले नाई काई. बिडी नाई पीत, दारू नाई पीत, त्यांच्यातले लोक हासत त्याले. आमची खिडकी लहान, कंबरेएवढ्यावर, बाहेरचा मानूस दिसत नव्हता, हातच दिसत. सुकलूचा हात मी ओळखो, अंगठ्याचं नख नव्हतं त्याले.

आता जे सांगतो ते नीट ऐका. एक दिवस रामाधार मुकरदमाची बत्ती खराब झाली, वायर कापला गेला गाडीखाली. बाबू म्हने, मुकद्दम को दूसरी दे दे, अच्छी वाली. मी फळीसमोर उभी राह्यली. शीलाच्या बाबाले जाऊन पाच वर्सं झालती. पाच वर्सं तो मानूस रोज सकाळी खिडकीत हात घालून बत्ती नेत होता, अन् रोज मी त्याले सगळ्यात चांगली देत होती, बाबूचा हुकूम. त्या दिवशी मी त्रेसष्ट नंबर काढला, कोनाले न देता बाजूले पडून होता तो, अन् त्याचाच बिल्ला रामाधारच्या नावानं खिळ्यावर लावला. त्रेसष्ट म्हंजे शंभरात सगळ्यात मेलेला डबा, साडेतीन-चार घंटे, त्याच्यावर नाई. मी त्याची काच पुसली, नवा बल्ब लावला, म्हंजे सकाळी फक्क उजेड पडन, कोनाले शंका नाई येनार. त्याले म्हनलं, घ्या, चांगली हाय. मले मालूम होतं तो बारा वाजता कुठं असते. खालच्या गल्लीत, म्हंजे खालच्या बोगद्यात, जिथं माल सोडाचे उभे गड्डे हाय, विहिरीसारखे, वरतून ढकलगाडीचा डबा उलटला का माल खाली जाते, अन् त्याले ना कठडा ना काई. मले सारं मालूम होतं. मी रागाच्या भरात नाई केलं भाऊ, काच पुसून केलं.

दिवसभर काम केलं. जेवली बी. शीलाले जेवू घातलं.

तीन वाजता भोंगा झाला, पाळी वरती आली. हात येत गेले, बत्त्या देत गेले, मी बिल्ले देत गेली, कोनाचा हात ते त्या दिवशी पाह्यलं नाई, नंबरच पाह्यले. गर्दी सरली. खिळ्यावर एक बिल्ला राह्यला, त्रेसष्ट. मी त्याच्याकडे पाहात राह्यली अन् मले बरं वाटलं. हे मी कोनापाशी लपवत नाई आता. छातीत गरम-गरम वाटलं, जसं थंडीत चहा पेल्यावर. म्हनलं, आता समजन त्याच्या बायकोले. बाबूले सांगाची घाई नाई केली मी, आनखीन थोडा वेळ जाऊ दिला. फडकं घेतलं अन् बत्त्या पुसत बसली.

मंग बाबूच्या दरवाज्याकडून आवाज आला, कोन वरती नाई आलं म्हनून. आवाज रामाधारचा. मी उठून पाह्यलं. तो उभा, हातात चहाचा गिलास. मले काई समजेना. मी पुढं गेली, म्हनलं मुकरदमजी, तुमची बत्ती. तो म्हने, मेरी? वो तो दस बजे पीली पड़ गई, कैसी बत्ती देती हो बाई. सुकलू से बदल ली. अन् खिशातून बिल्ला काढून दाखवला. अठ्ठावीस.

जुना मानूस ना तो, पिवळी होतानाच ओळखली त्यानं. सुकलूले म्हनलं दे, त्यानं देली. त्या दिवशी सुकलू एकटाच होता, खालच्या गल्लीच्या टोकाले, माल भराले. आगपेटी बी नसन त्याच्यापाशी, बिडी पीत नव्हता म्हनून. थोड्या वेळानं बत्ती गेली असन, मंग भिंत चाचपत निंघाला असन गाडीच्या रुळाकडे.

मानसं पुन्हा खाली उतरले. मी तिथंच बसून होती, शीला मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला त्याले. उभ्या गड्ड्यात पडलता. पन पडून मेला नाई तो, हे दवाखानेवाल्या कंपाउंडरनं कोनाले तरी सांगतलं अन् ते माह्यापर्यंत आलं. तो पडल्यावर वरतून सात डबे माल उलटला होता. हुकूम रामाधारचाच. त्याले काय मालूम खाली मानूस हाय, खालून आवाज आला असन तं डब्याच्या घडघडीत कोनाले ऐकू येनार. कमरेचा डबा साबूत होता, झाकन तेवढं उडलं होतं. तेजाब सांडला होता सारा, त्याच्या पायावर.

दोन दिवसांनं सरकारी इन्स्पेक्टर येनार म्हनून निरोप आला. बाबू मले म्हने, दरवाजा बंद कर. पेचकस देला हातात. बत्तीवर नंबरची पितळी पट्टी असते, दोन पेचांची. त्रेसष्टवरची काढाची अन् एका चांगल्या डब्यावर लावाची. बाबू म्हने, तू करेगी तो ठीक से होगा. मी म्हनलं, मी नाई करत. तो हळूच म्हने, गयाबाई, उस दिन मैंने तुझे अच्छी वाली बोला था, और तूने कौन सी दी, मैं सब जानता हूँ. बोलूँ साहब को? फाँसी होती है इसमें, मालूम है? अन् शीलाकडे पाह्यलं. ती तिथंच बसून वायरच्या तुकड्याशी खेळत होती.

मी पेच काढले. पट्टी चांगल्या डब्यावर लावली, पेच घट्ट कसले, अन् फडक्यानं पुसली बी.

इन्स्पेक्टरसमोर बत्ती टेबलावर ठेवली, लावली. तो बसला, साहेबाच्या घरून जेवन आलं ते जेवला, पाच घंट्यानं पाह्यलं, उजेड तसाच सफेद. त्यानं मले इचारलं, यही बत्ती थी? मी हौ म्हनलं. त्याले हौ समजलं नाई, बाबूकडे पाह्यलं. बाबू म्हने, हाँ बोल रही है. तेवढंच. मंग कागदावर लिहिलं गेलं का मानूस दारू पिऊन होता, आपल्या चुकीनं पडला. घरच्यांले काई भेटलं नाई.

त्याची बायको आली आठ दिवसांनं, बुधियाबाई, बैहरच्या गाडीनं, संगं दहा-अकरा वर्साची पोरगी. साहेबानं भेट नाई देली, बाबूनं बाहेरच्या बाहेर कागद दाखवला. ती चालत बत्तीघराच्या खिडकीपाशी आली. मले तिचे हात दिसले, गोंदलेले, कोपरापर्यंत. म्हने, बाई, वो तुम्हारा नाम लेता था घर में. उसकी बत्ती ठीक थी क्या? मी आतून म्हनलं, ठीक थी. ती म्हने, दारू पीता था क्या यहाँ आके? मी फडकं उचललं अन् एक काच पुसाले लागली. तिनं पुन्हा इचारलं. म्हनलं, मैं नहीं जानती. हात काढून घेतले तिनं. मंग पोरगीचा आवाज आला, तिनं काईतरी इचारलं त्यांच्या बोलीत, अन् मायनं तिले मारलं. चापटीचा आवाज ऐकला मी. बस.

त्याच्यानंतर बी मी आठ-नऊ साल तिथंच राह्यली. कुठं जाऊ. नव्या बत्त्या आल्या तिसऱ्या महिन्यात, शंभरच्या शंभर, चकचकीत, आधी येतच नव्हत्या त्या. रामाधार तसाच राह्यला. आता तो बालाघाटात राह्यते, दिसते मले बजारात, म्हनते कैसी हो बाई. त्याले काई मालूम नाई. सुकलूनं त्याच्या वाट्याचं मरन घेतलं हे त्याले कधीच मालूम नाई झालं, अन् मी बी सांगतलं नाई. त्याले सांगून काय, तो आनखीन देवाले नारळ फोडन.

मंग खदान बंद झाली. मालाले गिऱ्हाईक नाई म्हने. शीलाचं लगन मी गोंदियाले करून देलं. घरी एकटी राह्यली अन् मंग मले ते जमेना. दिवसा काम नाई, हाताले काम नसलं का मन कुठं जाते तुमाले मालूम हाय. एक दिवस उठली, बैहरची गाडी धरली. गावाचं नाव मालूम होतं, पुढं दोन कोस पायी, साजाच्या झाडांतून.

बुधियाबाई घरीच होती, अंगनात मोहाचे फुलं वाळू घातले होते ते पालटत होती. मले ओळखलं नाई तिनं, कशी ओळखन, माहं तोंड तिनं पाह्यलंच नव्हतं. खाट टाकली, पानी देलं लोट्यात. मी ते पानी पेली अन् मंग सांगतलं. सारं सांगतलं. पाटीवरचे एकतीस नंबर, बाबू, माहे मालक, काच कशी पुसली, पेच कसे काढले. म्हनलं, बाई, तुझा मानूस दारू पीत नव्हता, मले मालूम होतं, अन् त्याले मीच मारलं, मारनार दुसऱ्याले होती पन मेला तो.

ती मोह पालटत राह्यली. मले वाटलं समजली नाई हिले माही हिंदी. मंग म्हने, इतने बरस मैंने बच्चों को बोला तुम्हारा बाप दारूड़ा था. तेरहवीं नहीं की ठीक से. उसका नाम नहीं लिया घर में. मी म्हनलं, मले मार. ती म्हने, मार के क्या. अन् आतून पोरगीले बोलावलं, तीच पोरगी, आता लगनाची झालती. म्हने, इसके सामने बोल. सब बोल. मी पुन्हा सांगतलं. पोरगी माह्या तोंडाकडे पाहात होती सारा वेळ. मंग बुधियाबाई उठली, मले म्हने चल. गावच्या पटेलाच्या अंगनात नेलं. पंधरा-वीस मानसं जमले. म्हने, अब इनको बोल. तिसऱ्यांदा सांगतलं. माहा आवाज बसला होता, मधात मी रडाले लागली तं ती म्हने, रो मत, साफ बोल, पीछे वालों को सुनाई नहीं देता.

सारं झालं. मी वाट पाहात होती का कोनी गोटा मारन, शिवी देईन. एक म्हातारा उठून गेला. बुधियाबाई म्हने, चार बजे की मोटर है, जा. मी निंघाली. मांगं पाह्यलं नाई. मले हलकं-बिलकं काई वाटलं नाई भाऊ, लोक म्हनतात कबूल केलं का हलकं वाटते, तसं काई नसते.

आता मी इथं बालाघाटात बस स्टँडच्या बाजूले एका मिस्त्रीच्या दुकानात जातो, ट्रकच्या बॅटऱ्यांचं काम. मोठ्या टॉर्चीच्या बी येतात, जंगलखात्याच्या. मिस्त्री म्हनते, बाई कान लावून सांगते कोनती चालन अन् कोनती नाई. मी सांगतो. गिऱ्हाईकाच्या तोंडावर सांगतो, मरत आली असन तं मरत आली म्हनतो. मिस्त्रीले ते आवडत नाई कधी-कधी. त्यानं ठेवलं तं ठेवलं, नाई तं नाई.

मांगच्या महिन्यात एक बाई, गयाबाई कुठं भेटन असं इचारत, दुकानात आली, कडेवर लेकरू. मी ओळखली नाई. म्हने, मैं सुकलू की लड़की. माय को भरती किया है यहाँ, पेट में पानी भरा है, डॉक्टर बोलता है रखना पड़ेगा. मेरा घर-बार है, मैं रोज नहीं आ सकती. बस एवढंच म्हनली. तू जा का तुमी जाल का, असं काई इचारलं नाई. चहा मांगवला तं पेली नाई. खाट नंबर सांगतला अन् गेली.

तवापासून मी जातो रोज, दुपारच्याले, दुकानातून सुट्टी घेऊन. तांदळाची पेज करतो घरून, मीठ जरासं, तिले तीच चालते. पह्यल्या दिवशी बुधियाबाईनं मले पाह्यलं अन् तोंड भिंतीकडे केलं. मी पेज ठेवून देली अन् तिथंच खाली बसून राह्यली. दुसऱ्या दिवशी बी तसंच. पाचव्या दिवशी वाटी रिकामी होती, मी आली तवा. मंग एक दिवस तिचा हात इतका थरथरे का वाटी धरवेना, तवा मी चमच्यानं पाजली. तोंड उघडलं तिनं, डोळे मिटून घेतले, मले पाहाले लागू नये म्हनून. बाजूच्या खाटेवरची बाई मले म्हने, बहीन हाय का तुमची. मी वाटी उचलली अन् धुवाले नेली. 

जा नाई म्हनत ती मले. ये बी नाई म्हनत. डॉक्टर म्हनते, महिना काढन तं लय झालं. मले एवढंच वाटते भाऊ, तिले तरास कमी होवो अन् पोरगी जवळ असताना जावो, माह्यासमोर नोको. तिच्या जीवाले माह्यासमोर जाची पाळी नोको येऊ. बरं, उठतो आता मी, दीड वाजला असन, पेज थंडी झाली का ती तोंड लावत नाई.